गहू सोडलेला माणूस

लेदरच्या जाकिटाची बाही मला बोटभर लांब होत होती, पण आरशातल्या माणसाला ती शोभत होती. आरशातला तो माणूस मला फार आवडला. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या पिठाच्या गिरणीशी त्याचा काही संबंध असेल असं कोणी म्हटलं नसतं.

"ले ले यार," जसपाल मागून म्हणाला. "फिर लंडन कब आएगा?"

मी घड्याळ पाहिलं. एकला दहा कमी. म्हणजे जळगावात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती आणि माझा थोरला भाऊ पुना गल्लीतल्या रुपचंदच्या एस.टी.डी. बूथमध्ये माझ्या फोनची वाट बघत बसला होता. साडेपाचला मी फोन करायचा, असं ठरलं होतं. मी विसरलो होतो, असं पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या श्रावणातली. सरकारी शिष्यवृत्तीवर मी लीड्सला कापडाचं तंत्र शिकायला गेलो होतो. आमच्या भाऊबंदांत धुळ्याच्या पलीकडे शिकायला गेलेला मी पहिलाच. आईवडील मी शाळेत असतानाच वारले. मला वाढवलं ते भाऊने आणि वच्छलावहिनीने. भाऊ सातवी शिकलेला. पिंप्राळ्यात त्याची गिरणी, दोन चक्क्यांची; एक गव्हाची, एक ज्वारी-बाजरीची. सकाळी सातला काळ्या केसांचा माणूस गिरणीत शिरायचा आणि दुपारी पांढऱ्या भुवयांचा म्हातारा जेवायला घरी यायचा. वहिनी म्हणायची, मी रोज दोन नवऱ्यांचा संसार करते. दळण कसं निघतंय हे बघायला भाऊ पिठाची चिमूट जिभेवर ठेवायचा. गहू कुठल्या गावचा हे तो चवीवरून सांगायचा आणि दहांत आठ वेळा बरोबर निघायचा. बाकी दोन वेळा गिऱ्हाइकाशी वाद घालायचा.

खाण्याचा शौकीन. खापरावरची पुरणपोळी, वर वाटीभर तूप, की गडी खूश. सहा पोळ्या खाऊन आमच्या अहिराणीत "आते बठ्ठं बरं शे", आता सगळं बरं आहे, म्हणायचा आणि तिथेच आडवा व्हायचा.

आता कानबाईचं सांगतो, कारण त्याशिवाय माझा गुन्हा कळायचा नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी, शनिवारी, रोट. घरात जेवढे पुरुष तेवढ्या सव्वा-सव्वा मुठी गहू घ्यायचा, वेगळा दळायचा आणि त्याचे रोट करून घरच्यांनीच खायचे. भाऊबंद कुठेही असोत, त्या दिवशी घरी येतात. आमच्या घरची पद्धत आणखी कडक. प्रत्येकाने आपली मूठ आपल्या हाताने घ्यायची. जो येऊ शकत नाही त्याने तोंडाने तरी सांगायचं, मग थोरल्याने त्याच्या नावाने मूठ टाकायची. जिवंत माणसाची मूठ गाळायची नाही, आणि त्याच्या शब्दाशिवाय टाकायचीही नाही.

निघताना भाऊने स्टेशनवर मला दहा वेळा बजावलं होतं. "रोटना शनवारे साडेपाचले फोन कर. जास्ती बोलू नको. फक्त लिधी म्हन. मंग मी तुनी मूठ टाकसू." लिधी म्हणजे घेतली. लीड्सला आल्यावरही त्याचं पत्र आलं, त्यात बूथचा नंबर दोनदा लिहिलेला, एकदा मराठी आकड्यांत आणि एकदा इंग्रजी.

आणि त्याच शनिवारी मी लंडनमध्ये जाकीट घालून आरशासमोर उभा होतो.

परीक्षा संपल्या होत्या. दिल्लीचा जसपाल माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. तो म्हणाला, दोन दिवस लंडन. मी म्हटलं, चल. शुक्रवारी संध्याकाळी बसने पोचलो आणि सामान टाकून थेट एका तळघरातल्या नाचाच्या क्लबमध्ये. तिथे पोर्तुगालच्या दोन मुली भेटल्या, जसपालच्या ओळखीच्या. त्यातली मारिया मला हाताला धरून मधोमध घेऊन गेली. मला नाच कुठला येणार? आमच्याकडे वरातीत नाचतात तसा नाचलो, दोन्ही हात वर करून. कोणी हसलं नाही. उलट मारियाने तसेच हात वर केले. बिअर प्यायलो. कोंबडी खाल्ली. श्रावण आहे हे आठवलं आणि आणखी एक बिअर मागवली. खोटं कशाला बोलू, मजा आली. फार मजा आली. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी पुनाचा भाऊ म्हणून ओळखत नव्हतं.

शनिवारी दुपारी खरेदी, त्या दोघीही बरोबर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचाच काचा, आणि प्रत्येक काचेत जाकीट घातलेला मी. भाऊसाठी एक शर्ट घेतला, वहिनीसाठी अत्तराची बाटली. म्हणजे घरच्यांची आठवण होती, हे मी नाकारत नाही.

दुकानाच्या दारातून टेलिफोनची लाल खोली दिसत होती. रिकामी होती. फोनकार्ड माझ्या पाकिटात होतं. चाळीस पावलं असतील. मी दारापर्यंत गेलोही. पण बाहेर मारिया आणि तिची मैत्रीण आइस्क्रीम खात अगदी त्या खोलीला टेकून उभ्या होत्या. मला दिसलं, की आता मी त्या काचेच्या खोलीत शिरणार, आणि लाईन खराब असणार, आणि मी कानात बोट घालून ओरडणार, "लिधी, भाऊ! लिधी!" आणि त्या दोघी बघणार.

लाज वाटली. दुसरा शब्दच नाही त्याला.

मग मी मनाशी एक सोवळं कारण शोधलं. रात्री बिअर प्यायलेल्या, कोंबडी खाल्लेल्या तोंडाने कानबाईची मूठ कशी घ्यायची? पाप लागेल. मी परत आत वळलो आणि जाकीट बांधून द्यायला सांगितलं. शनिवारी रात्री दुसऱ्या क्लबात गेलो. रविवारी बाजार हिंडलो, बोटीत बसलो, आणि रात्री अकराच्या सुमारास लीड्सला खोलीवर पोचलो.

दाराला चार चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. वसतिगृहाच्या रखवालदाराच्या अक्षरातल्या. चारींवर एकच मजकूर: तुझ्या भावाचा फोन होता.

सोमवारी सकाळी मी बूथला फोन लावला. रुपचंदने "थांब, थांब, बोलावतो" म्हणून कोणाला तरी पळवलं. भाऊ धावत आला असावा. शब्दांच्या आधी मला त्याचा श्वास ऐकू आला.

"अभिमन! तूच शे का?"

"हो भाऊ."

"काय व्हयनं रे? कठे व्हता तू?"

मी रात्रभर जागून वाक्य तयार केलं होतं. "मला ताप आला होता. शुक्रवारीच दवाखान्यात दाखल केलं. आता बरा आहे."

भाऊशी मी जन्मात कधी असं बोललो नव्हतो. आम्ही दोघं अहिराणीतच भांडायचो आणि अहिराणीतच हसायचो. खोटं बोलायची वेळ आली तेव्हा मात्र तोंडातून शाळेतल्या पुस्तकासारखी मराठी आली. वाटलं, आता हा ओळखेल.

"आते बरा शेस ना? खरं सांग."

"बरा आहे."

मग रिसीव्हर बाजूला करून तो कोणाला तरी सांगत होता, रडत की हसत ते कळेना. "पावनी! रुपचंद, कानबाई पावनी!"

कशासाठी पावली ते मी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. दोन दिवसांची चैन एका वाक्यात झाकली गेली, असा माझा समज झाला.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी परत आलो. स्टेशनवर भाऊ, वहिनी, त्यांची लेक बेबी, हार, पेढे, सगळं झालं. घरी वहिनीने खापर चढवलं होतं. दारातच पुरणाचा वास आला. पाटावर बसलो. माझ्या ताटात पोळी पडली, बेबीच्या ताटात पडली, आणि भाऊच्या ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा.

"भाऊ, तुले पोळी नको?"

"नही रे. आते पचत नही." त्याने भाकरी मोडली.

जेवण झाल्यावर तो गिरणीत गेला. वहिनी भांडी घासायला बसली होती. मी पुन्हा विचारलं. तिने मान वर केली नाही.

"त्यासनी गहू सोडी दिधा, भाऊजी. तुमनाकरता."

मग तिने सगळं सांगितलं. त्या शनिवारी भाऊने चक्की धुऊन पुसून ठेवली होती. गल्लीतल्या सगळ्यांचे रोट आमच्याच गिरणीत दळले जातात, आणि पहिला मान घरच्या रोटाचा. साडेपाच वाजले, सहा वाजले, सात वाजले. "बठ्ठी गल्ली डबा लिसन उभी. पोरंसोरं उपाशी. लोक म्हनेत, पुना, चालू कर. हे म्हनेत, मना भाऊनी मूठ पडाले पाहिजे, मंगच चक्की." शेवटी रुपचंदने लीड्सला फोन लावला. पलीकडे कोणी गोरा बोलला. रुपचंदच्या इंग्रजीला इतकंच उमगलं, की मुलगा शुक्रवारपासून खोलीवर नाही आणि कुठे आहे ते कोणाला ठाऊक नाही.

"मंग ते चक्कीपुढे बसनात," वहिनी म्हणाली. "हात जोडात. म्हनेत, माय, मना पोऱ्या सुखरूप ऱ्हाऊ दे, मी गहू सोडा. जलमभरना. बठ्ठी गल्ली ऐकत व्हती. मंग त्यासनी स्वतःच तुमनी मूठ टाकी आनि चक्की चालू कई."

तिने तांब्या विसळून पालथा घातला. "श्रावणमा रोटना एक घास खातस. तो कानबाईना म्हनीसन. बाकी काहीच नही. पीठ चाखाले बी तोंडमा टाकतस नही आते. गिऱ्हाइकले इचारतस, बरं शे का."

मी वर जाऊन बॅग उघडली. जाकीट वरच होतं. ते मी तळाशी दाबलं आणि वर भाऊचा शर्ट ठेवला. तेव्हाच खाली उतरून गिरणीत जायला हवं होतं. नाही गेलो. म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, कानबाई होऊन जाऊ दे. मला धुळ्याला सूतगिरणीत नोकरी लागली, लग्न झालं, आणि तो उद्या सहा वर्षं पुढे सरकत राहिला.

त्या सहा वर्षांत मी दर श्रावणात घरी गेलो, आपल्या हाताने मूठ घेतली आणि दर वेळी भाऊला भाकरी मोडताना पाहिलं. सांगितलं तर तो सुटेल, हे मला कळत होतं. नवस ज्या भीतीपोटी बोलला ती भीतीच खोटी होती, मग नवस कसला? एक वाक्य बोललो की माझा भाऊ पुन्हा पुरणपोळी खाईल. पण त्या वाक्यानंतर तो माझ्याकडे कसा बघेल, याची मला धास्ती होती. त्याच्या पोळीपेक्षा मला माझी इज्जत मोठी वाटली, इतकं साधं आहे ते.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात बेबीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी व्याह्यांची पंगत. नवरदेवाचे चुलते कौतिक आबा बोदवडचे, बोलायला मोकळे. त्यांची नजर भाऊच्या ताटावर गेली.

"काय व्याही, गिरणीवाले असून तुम्हीच भाकर खाता? आम्हाला वाढलेल्या गव्हात काही कालवलं तर नाही ना?"

पंगत हसली. भाऊही हसला. मग त्याने हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली. विलायत, फोन, गल्ली, चक्की, नवस. तो कधी इतका वेळ बोलत नाही. ही एक गोष्ट मात्र त्याला सांगता येत होती, आणि ती त्याने किती ठिकाणी सांगितली असेल कोण जाणे. शेवटी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाऊ देखा. मराना दारमाइन परत उना. कानबाईनी धाडा."

सगळी पंगत माझ्याकडे वळली. कौतिक आबांनी जागेवरूनच हात जोडले. त्यांच्या घरातल्या भागाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई हौसेने वाढू लागत होत्या, त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. माझ्या तोंडात तुपातली पोळी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाहुणे दुपारी गेले. भाऊ मांडवाचे पैसे-बिसे काही न बघता कपडे बदलून गिरणीत गेला. दोन दिवसांची दळणं साठली होती. मी मागोमाग गेलो. गव्हाची चक्की चालू होती.

"भाऊ, मी त्या शनवारी आजारी नव्हतू."

"काय?" त्याने कान पुढे केला.

मी ओरडून म्हणालो. त्याला ऐकू आलं नाही, की आलं, कोण जाणे. त्याने खटका बंद केला. पट्टा सावकाश थांबला. गिरणी इतकी शांत मी कधी पाहिली नव्हती.

मी सगळं सांगितलं. या वेळी अहिराणीत सांगितलं. नाच सांगितला, बिअर सांगितली, जाकीट सांगितलं. मारियाचंही सांगितलं. तो डब्यांच्या रांगेकडे बघत ऐकत होता.

"म्हंजे दुकानमा व्हता तू?"

"हो."

"आनि फोन?"

"समोरच व्हता. चाळीस पावलांवर."

"मंग का बरं नही कया?"

"लाज वाटनी, भाऊ."

"मनी?"

हो, त्याचीच; मी मान खाली घातली. तेच उत्तर होतं, आणि त्याला ते कळलं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. पीठ निघून गेल्यावर त्याचा चेहरा दिसला. चाळिशीतच खंगलेला, गालफडं आत गेलेला.

"त्या दिवशी बठ्ठा उपाशी व्हतात रे," तो म्हणाला. "डबा लिसन उभा व्हतात. त्यासनं मी काहीच ऐकं नही. एक बाई दोन महिन्यानं पोर लिसन उभी व्हती."

"भाऊ, मले मार. पन आते तो नवस सोड. तो खोटा व्हता. मी बराच व्हतू."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. गिऱ्हाइकाने खडे असलेला गहू आणला की तो जसा बघायचा, तसं.

"नवस मी तुले बोलनू व्हतू का? तिले बोलनू. तू सुखरूप ऱ्हाऊ दे, म्हननू. तू सुखरूप व्हता ना?"

"व्हतू."

"मंग? तिनी तिनं काम कयं. आते मी मागे सरकू?"

बाहेर कोणी तरी डबा टेकवल्याचा आवाज झाला. भाऊ उठला. खटक्यावर हात ठेवून थांबला.

"तुनी वहिनीले हाई सांगू नको. ती त्या रातले उंबऱ्यावर बशीसन दिवस निघापावत रडनी. तिले वाटू दे, तू आजारी व्हता."

मग त्याने चक्की चालू केली आणि पुढे काही बोलणंच शक्य राहिलं नाही. मी अंधार पडेपर्यंत तिथे उभा राहून डबे उचलून देत होतो.

रात्री आम्ही तिघंच जेवायला; माझी बायको बेबीची पाठराखीण म्हणून गेली होती. बेबी नव्हती म्हणून वहिनी मधूनमधून दाराकडे बघत होती. तिने सकाळचं उरलेलं पुरण संपवायला पोळ्या केल्या होत्या. एक माझ्या ताटात आली. मी ती परत तिच्या परातीत ठेवली.

"वहिनी, मले बी भाकरच दे. आजपाइन."

वहिनीला काही कळेना. ती भाऊकडे बघू लागली. भाऊने घास गिळला, पाणी प्यायला, आणि परातीतली पोळी स्वतःच्या हाताने उचलून माझ्या ताटात ठेवली. श्रावणातला रोटाचा घास सोडला तर सात वर्षांत त्या हाताने शिजलेल्या गव्हाला केलेला तो पहिला स्पर्श असावा.

"तू गहूच खाय," तो म्हणाला. "तुनाकरताच तं सोडेल शे."

त्याने तुपाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि खाली बघून भाकरी मोडायला लागला. मी पोळी खाल्ली. वहिनीने दुसरी वाढली, तीही खाल्ली.